बहात्तर मुलांचा इंजिनियर बाप

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात गेल्या वर्षी बारावीला बहात्तर मुलं फ्रेंच शिकत होती आणि त्या बहात्तरही जणांचा बाप इंजिनियर होता. तो लियों नावाच्या शहरात राहायचा, त्याची बायको शाळेत शिकवायची, घरात एक पांढरी मांजर होती आणि दर रविवारी सगळं कुटुंब नदीकाठी फिरायला जायचं. खरं तर यातल्या चाळीसेक जणांच्या वडिलांचा ऊस आहे, दहा-बारा जणांचे फौजेत आहेत आणि उरलेल्यांचं दुकान, दवाखाना, दूध संघ असं काहीबाही आहे. पण तोंडी परीक्षेत ‘माझे कुटुंब’ या विषयावर दहा वाक्यं बोलायची असतात. ती दहा वाक्यं माझ्या आधीच्या मॅडमनी लिहून ठेवली होती. त्यांना ती त्यांच्या मॅडमनी दिली असावीत. मी फक्त झेरॉक्स काढते.

वाक्यं म्हणून झाली की मी वीसपैकी वीस देते. एखाद्यानं मांजर विसरली तरी वीस. आमचा फलटणचा पृथ्वीराज चौथ्या वाक्याला अडकला, मग त्यानं कमरेत वाकून मला आभाराचं ‘मेर्सी मादाम’ म्हटलं आणि खाली बसला. त्यालाही वीस. त्याचे मामा आमच्या संस्थेवर संचालक आहेत, पण नसते तरी वीसच दिले असते. एवढी समता दुसऱ्या कुठल्या विषयात नाही.

फ्रेंच हा आमच्याकडे स्कोअरिंग विषय आहे. जूनमध्ये पालक प्रवेशाला येतात तेव्हा एकच विचारतात, “मॅडम, फ्रेंचला किती पडतात?” मी सांगते, पंचाण्णवच्या पुढं. मग ते समाधानानं मान हलवतात आणि मराठीवर काट मारतात. मुलाला फ्रेंच बोलता येईल का, असं नऊ वर्षांत मला एकाही बापानं विचारलेलं नाही. विचारलं असतं तर माझीच पंचाईत झाली असती, कारण मलाही येत नाही.

हे मी लपवत नाही, म्हणजे तुमच्यापासून लपवत नाही. मी राजेश्वरी शिर्के, मूळची साताऱ्याची. बारावीला मला फ्रेंचमध्ये सत्त्याण्णव पडले तेव्हा आमच्या पप्पांनी अख्ख्या आळीत कंदी पेढे वाटले आणि ही आता परदेशी जाणार म्हणून जाहीर करून टाकलं. मी पुण्यापर्यंत गेले. तिथं गाईड पाठ करून बी.ए. झाले, त्याच पद्धतीनं एम.ए. झाले आणि लग्न करून सांगलीला आले. फ्रेंच माणूस मी आयुष्यात दोनदा पाहिला, दोन्ही वेळा तो टीव्हीवर फुटबॉल खेळत होता. मी तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे दर जूनला नवी ऑर्डर निघाली तर मी शिक्षिका, नाही निघाली तर गृहिणी. निकाल शंभर टक्के लागत असल्यानं ऑर्डर निघत आली आहे.

या सुखाच्या संसारात क्रांती आली.

क्रांती लाड, गाव कुंडल. तिच्या वडिलांची, जोतीरामांची, पलूसच्या बाजूला बेदाण्याची शेड आहे. प्रवेशाला ते शेवटच्या दिवशी आले. हिंदी भरलेलं, मराठी भरलेलं, आयटी भरलेलं. उरलं होतं फ्रेंच. “काय बी द्या, पर पोरीला बसवा,” असं ते म्हणाले आणि क्लार्कनं तिला माझ्या वर्गात बसवलं. तिला या विषयाची गोडी होती वगैरे काही नाही.

कुंडलवरून सांगलीला यायला एसटीनं दीड तास लागतो, जायला दीड. बाकीच्या मुली या तीन तासांत झोपतात किंवा रील बघतात. हिनं कानात इयरफोन घालून फ्रेंच रेडिओ ऐकायला सुरुवात केली. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, “कंडक्टरच्या आरडाओरडीपेक्षा बरं वाटतंय, मॅडम.” दिवाळीपर्यंत तिला बातम्या कळायला लागल्या. दिवाळीची सुट्टी संपल्यावर ती वर्गात मला प्रश्न विचारायला लागली, फ्रेंचमधून. मी पहिल्यांदा खोकले. दुसऱ्यांदा म्हणाले, “हे सिलॅबसमध्ये नाही.” तिसऱ्यांदा ती समोरच्या जिन्यानं वर येताना दिसली तेव्हा मी मागच्या जिन्यानं खाली उतरले. एका अकरावीच्या पोरीला घाबरून मी दीड वर्ष मागचा जिना वापरला, आणि मला तिचा मनापासून राग यायचा. हेवाही वाटायचा. सत्त्याण्णव मला पडले होते आणि बोलत ती होती.

बारावीच्या तोंडी परीक्षेला जानेवारीत तिचा नंबर आला. मी कागदावर आधीच वीस लिहून ठेवले होते. ती उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, “मॅडम, माझे बाबा इंजिनियर न्हाईत.”

“तुझे नसतील. परीक्षेतले आहेत.”

“मग खोटं कशापायी सांगू? त्यांची शेड हाय.”

आणि तिनं सुरू केलं. पाच-सहा मिनिटं ती थांबलीच नाही. द्राक्षं कशी येतात, जाळीवर कशी पसरतात, गंधकाची धुरी केव्हा द्यायची, अवकाळी पाऊस आला की रात्रीत सगळ्यांनी मिळून ताडपत्र्या कशा ओढायच्या, हे सगळं ती सांगत असावी. असावी म्हणते, कारण मला त्यातलं एक तृतीयांश कळलं. बाकी मी चेहऱ्यावरून आणि हातवाऱ्यांवरून जुळवलं. बाकावरची मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती. ती थांबल्यावर मी म्हणाले, “छान. छान.”

“काय काय चुकलं, मॅडम?”

नऊ वर्षांत हाही प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. “काही नाही चुकलं. वीस दिलेत.”

“पृथ्वीराजला बी वीसच दिल्यात की.”

ती जागेवर जाऊन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि वीसपैकी वीस मिळालेली मुलगी रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. तिला बोलायला माणूस हवं होतं, चुका काढणारं माणूस, आणि ते अख्ख्या जिल्ह्यात सरकारमान्य असं माझ्याच रूपानं उपलब्ध होतं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी ते कुणाला सांगितलं नाही.

बारावीचा शेवटचा पेपर झाल्यावर ती एक कागद घेऊन स्टाफरूममध्ये आली. मागच्या जिन्यापर्यंत पोहोचायला मला उशीर झाला होता. फ्रान्समधल्या एका शेतकी शाळेत वर्षभर शिकायला परदेशातली दहा मुलं घेणार होते. राहणं, जेवण, विमान सगळं त्यांचं. द्राक्षाच्या मळ्यात काम आणि वर्गात शिक्षण. क्रांतीची मुलाखत पुण्यात होऊन गेली होती आणि तीत ती पास झाली होती. आता शेवटची अट राहिली होती. तिथल्या मादाम लफेव्र तिच्या फ्रेंचच्या शिक्षकाशी व्हिडिओ कॉलवर पंधरा मिनिटं बोलणार होत्या. फ्रेंचमधून.

“दुसऱ्या कुणी बोललेलं चालत नाही का? इंग्लिशचे पाटील सर आहेत,” मी म्हणाले.

“न्हाई. फ्रेंचच्याच मॅडम पायजेत म्हणत्यात.” तिनं कागदाची घडी घातली. “मॅडम, बाबांनी पाव्हण्यांना थोपवून धरलंय. इटा-भाळवणीकडचं स्थळ हाय. ह्ये फ्रान्सचं जमलं तर वरीसभर तरी कुणी इचारणार न्हाई. तुमी फकस्त बोला.”

तिनं ‘तुम्हाला येतं का’ असं विचारलं नाही. तिला माहीत होतं. मी हो म्हणाले.

कॉल आठ दिवसांनी होता. या आठ दिवसांत एखाद्या शहाण्या बाईनं मादामना चिठ्ठी लिहून आपली अडचण कळवली असती. मी काय केलं? मी अपेक्षित प्रश्न काढले. ज्या पद्धतीनं मी बारावी, बी.ए. आणि एम.ए. पार केलं, ज्या पद्धतीनं मी नऊ बॅचेस पार करून दिल्या, त्या पद्धतीवर माझी श्रद्धा होती. विद्यार्थिनीचा स्वभाव कसा आहे, ती नियमित आहे का, तिचे छंद कोणते, असे पंधरा प्रश्न काढले, मोबाईलवरून त्यांची फ्रेंच उत्तरं काढली आणि भाजी चिरताना, गाडी चालवताना, आंघोळीला जाताना पाठ केली. नवरा म्हणाला, “परत परीक्षा आहे का तुझी?” मी त्याला गप्प बसवलं.

कॉलच्या दिवशी मला प्राचार्यांच्या, म्हणजे घोरपडे सरांच्या, केबिनमध्ये बसवलं, कारण कॉलेजात नेट फक्त तिथंच नीट चालतं. घोरपडे सरांनी त्या दिवसासाठी टेबलावर नवा टेबलक्लॉथ आणि मागं शिवाजी महाराजांची तसबीर लावून घेतली. स्वतःही टाय लावून शेजारी बसले. “मॅडम, होऊ दे दणक्यात,” म्हणाले. क्रांती दाराच्या काचेपलीकडं उभी होती.

मादाम पडद्यावर आल्या. पिकलेले केस, चष्मा, मागं फाइलींचं कपाट. आमच्याच ऑफिसातल्या कुणी वाटाव्यात अशा. त्या हसून काहीतरी म्हणाल्या, नमस्कार असावा. मी बाँझूर म्हणाले. इथपर्यंत उत्तम चाललं होतं.

मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला आणि तो माझ्या पंधरांत नव्हता. निदान तसा ऐकू आला नाही. मी तिसरं उत्तर दिलं: ती नियमित आहे आणि वेळेवर येते. मादामनी मान तिरकी केली आणि तोच प्रश्न जरा सावकाश विचारला. मी सातवं उत्तर दिलं: तिला वाचनाची आणि पोहण्याची आवड आहे. क्रांतीला पोहता येत नाही. मादामनी चष्मा काढला. घोरपडे सर मला टेबलाखालून अंगठा दाखवून शाबासकी देत होते. काचेपलीकडं क्रांतीनं डोळे मिटून घेतले होते. तिला आतलं ऐकू येत नव्हतं, पण माझं तोंड तिला दिसत होतं.

मला तेव्हा स्वतःची इतकी लाज वाटली की घाम पदराला पुसावा लागला. या पोरीनं एसटीत बसून जे मिळवलं होतं, ते मी गाईडच्या उत्तरांनी घालवत होते. मादाम आता इंग्रजीत बोलायला लागल्या. त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं, “आपण इंग्रजीत बोलू या का? मला विचारायचं होतं की तुम्ही क्रांतीला इतकं चांगलं बोलायला कसं शिकवलंत?”

ही शेवटची पळवाट होती, आणि चांगली रुंद होती. इंग्रजी मला बरं येतं. भाषा प्रयोगशाळा, आधुनिक अध्यापन पद्धती, विद्यार्थी-केंद्रित वगैरे मी तासभर बोलू शकते, बोर्डाच्या तपासणीच्या वेळी बोललेच आहे. शेजारी प्राचार्य बसले होते. जूनची ऑर्डर त्यांच्या सहीनं निघते.

“मी शिकवलं नाही,” मी म्हणाले. “ती एसटीत शिकली. बसमध्ये. मला फ्रेंच बोलता येत नाही, हे तुम्ही आत्ता ऐकलंतच.”

“मग तुम्ही काय शिकवता?”

“मार्क कसे पाडायचे ते.”

मादामनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मला वाटलं, झालं, पोरीचं वाटोळं केलं आपण. खरं बोलायला हीच वेळ सापडली होती का? पण मग त्यांनी विचारलं, “ती चुकते तेव्हा काय करते?”

हा प्रश्नही अपेक्षित नव्हता, पण याचं उत्तर मला ठाऊक होतं. दीड वर्ष ज्या माणसाला आपण चुकवतो त्याची खडान्‌खडा माहिती आपल्याला असते. मी सांगितलं की ती चुकली की आधी चिडते, स्वतःवरच. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य नीट करून आणते आणि विचारलं नसताना म्हणून दाखवते. एकदा तिनं भर वर्गात माझी चूक काढली, मग स्टाफरूममध्ये येऊन माफी मागितली आणि माफी मागता मागता आणखी एक चूक काढली. तोंडी परीक्षेत तिनं पाठ केलेलं बोलायला नकार दिला, कारण ते तिच्या बापाविषयी खोटं होतं. पूर्ण मार्क मिळाले म्हणून ती रडली. तुमच्याकडं आली तर तुम्हालाही त्रास देईल, असंही मी सांगून टाकलं.

मादाम लिहून घेत होत्या. पंधरा मिनिटांचा कॉल चाळीस मिनिटं चालला.

पडदा बंद झाल्यावर मी घोरपडे सरांकडं पाहिलं. म्हटलं, आता काय ते बोला. सर खुर्चीत मागं रेलले होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता. “वा, मॅडम! काय खेळलात! स्वतःकडं अजिबात श्रेय घेतलं नाही. परदेशी लोकांना असली नम्रता फार आवडते.”

“सर, मी खरं सांगितलं.”

“तेच तर!” सर म्हणाले आणि चहा सांगितला.

मे महिन्यात क्रांतीची निवड झाल्याचा मेल आला. माझ्यामुळं झाली की मी असूनही झाली, हे मला आजतागायत माहीत नाही. ती मला सांगायला आली तेव्हा मी समोरच्या जिन्यावर उभी होते. तिनं वाकून नमस्कार केला. मी तिला जवळ घेतलं. खरंच आनंद झाला होता मला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, ऐन प्रवेशाच्या तोंडावर, कॉलेजनं सत्कार ठेवला. गेटवर वीस फुटी फ्लेक्स लागला. त्यावर क्रांतीचा फोटो पासपोर्टएवढा, माझा दाराएवढा, आणि मधे संस्थेचे सगळे संचालक हात जोडून, पृथ्वीराजच्या मामांसकट. माझ्या फोटोखाली ‘सांगलीत फ्रान्स घडवणाऱ्या’ असं लिहिलं होतं. हॉल पालकांनी भरला होता. शाल, श्रीफळ, फेटा झाला आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी ठरवूनच गेले होते. म्हटलं, एका फ्रेंच बाईला सांगितलं ते आपल्या माणसांना सांगायला काय झालं? माइक हातात घेऊन म्हणाले, “मी क्रांतीला काहीही शिकवलेलं नाही. मला स्वतःला फ्रेंच बोलता येत नाही. या यशात माझा वाटा शून्य आहे.”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की माइक शिट्टी मारायला लागला.

चूक माझीच. आपल्याकडं सत्कारमूर्तीनं हेच म्हणायचं असतं. मी काही केलं नाही, मी निमित्तमात्र, हा मान तुमचा आहे. साखर कारखान्याच्या चेअरमनपासून बैलगाडा शर्यत जिंकलेल्या गड्यापर्यंत सगळे शालीखालून हेच बोलतात आणि लोक त्याचा बरोबर उलटा अर्थ लावून घेतात. मी आणखी जोर लावून म्हणाले, “विनयानं नाही म्हणत, खरंच सांगते.” तर पहिल्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसायला लागल्या. घोरपडे सरांनी माइक घेतला आणि म्हणाले, “फळांनी लगडलेलं झाड नेहमी खाली वाकलेलं असतं.” पुन्हा टाळ्या.

कार्यक्रम संपल्यावर जोतीराम माझ्याजवळ आले. नवा पटका बांधला होता. सोबत क्रांती होती, आणि धाकटी माया, जी नुकतीच दहावी झाली होती. जोतीरामांनी हात जोडले. “मॅडम, थोरलीचं सोनं केलंसा. आता हिलाबी तुमच्याच हाताखाली घालतो. फ्रेंचच घ्येतली हाय.”

“बाबा,” क्रांती म्हणाली, “मायाला मराठी घ्यू दे.”

“का गं?”

“मॅडमनी सांगितलं न्हवं का स्टेजवर? त्यांना येत न्हाई.”

ती हे उद्धटपणे म्हणाली नाही. माझ्याकडं बघून, सरळ म्हणाली. सातशे माणसांच्या हॉलमध्ये माझं बोलणं खरं मानणारी ती एकटीच होती. आणि माइकवरून मी तेच ओरडून सांगितलं होतं, तरी तिच्या तोंडून ते ऐकताना मला झोंबलं. चांगलंच झोंबलं. दोन सेकंद वाटलं की म्हणावं, असं कसं, वीस वर्षं झाली मला या विषयात. पण मी गिळलं ते.

“ती बरोबर सांगतेय,” मी जोतीरामांना म्हणाले. “ऐका तिचं. शपथेवर सांगते, मला येत नाही.”

जोतीराम मोठ्यानं हसले. आजूबाजूच्या दोघा-तिघांनाही त्यांनी हसायला लावलं. “ऐकलंसा का पाव्हणं? ह्येला म्हणत्यात मोठेपणा. आमची थोरली बी हितं दोन वर्सं राहून हेच शिकली बघा, मान खाली घालून वागायला.” आणि त्यांनी मायाला माझ्या पाया पडायला लावलं.

यंदा फ्रेंचच्या दोन तुकड्या झाल्या. एकशे चाळीस मुलं. माझी ऑर्डर पहिल्या दिवशीच निघाली, शिवाय सरांनी ती घरी पाठवून दिली. क्रांती ऑगस्टमध्ये विमानात बसली.

माया पहिल्या बाकावर बसते. पहिल्या तासाला तिनं नवी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी बाँझूर म्हणाले. तिनं ते लिहून घेतलं. मग हात वर करून विचारलं, “मॅडम, आता पुढं काय बोलायचं?”